हात मांडीवर, पाय ब्रेकवर

"पोटच्या पोराला जवळ घेववत नाही, ती आई कसली?" असं आमच्या तिसऱ्या मजल्यावरची शिकवणीवाली मला लिफ्टमध्ये म्हणाली, तेव्हा मी लिफ्ट थांबवली. खरंच थांबवली, लाल बटण दाबून, दोन मजल्यांच्या मधोमध. म्हटलं, "आता तुम्हाला कुठे जायची घाई नाही. ऐका." माझं बोलून होईपर्यंत खाली लोक दारावर थापा मारत होते. मारू देत. मी जन्मभर पोस्टाच्या काउंटरवर काचेआडून बोललेली बाई. माझा आवाज त्यांच्यापर्यंतही पोचलाच असणार.

तिला जे सांगितलं तेच इथे सांगते. फक्त जरा सावकाश, आणि शिव्या वगळून.

शिकवणीवाली बोलत होती ती आमच्या मास्तरणीबद्दल. मास्तरीण म्हणजे शाळेतली नव्हे, गाडी शिकवणारी. माझे मिस्टर गेले, त्यांची गाडी खाली धूळ खात उभी राहिली, तेव्हा माझे दीर म्हणाले, "वहिनी, विकून टाका. तुम्हाला काय उपयोग?" मला त्या 'काय उपयोग'चा असा राग आला म्हणता! म्हटलं, "विकते ना भाऊजी, आधी चालवून बघते." आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन नाव घातलं. गुडघे कुरकुरत होते, केस पिकलेले, पण नाव घातलं.

पहिल्यांदा मिळाला तो एक जाड्या मास्तर. शिकवायच्या गाडीत बाजूच्या सीटलाही ब्रेक आणि क्लच असतात, मास्तरच्या पायाशी. जाड्या ते दोन्ही दाबायचा आणि वर हात लांब करून माझं स्टिअरिंगही धरायचा. मी आपली मुकाट बसून. घरी येऊन शेजारणींना सांगायचे, आज बाजारातून गाडी काढली. कसली काढली! तो काढत होता, मी नुसती फिरून येत होते. ज्या दिवशी हे डोक्यात उजेड पडून कळलं, त्या दिवशी मी ऑफिसात जाऊन तमाशा केला आणि म्हटलं, मला दुसरं माणूस द्या.

ते दुसरं माणूस म्हणजे मास्तरीण. काटकुळी पोरगी, केसांचा बुचडा, पायात सपाट कापडी बूट. आई लहानपणीच गेलेली. बाप ट्रक चालवायचा, त्याने केबिनमध्ये शेजारी बसवून वाढवली. कॉलेजातलं पोरगं असो की माझ्यासारखी म्हातारी, सगळ्यांना 'अहो' म्हणायची. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "काकू, माझा एकच नियम. माझे हात मांडीवर आणि पाय ब्रेकवर. गाडी ठोकू देणार नाही, पण स्टिअरिंगला हातही लावणार नाही. ते तुमचं."

"आणि मी चुकले तर?"

"चुकाल की. त्यासाठीच तर आलात."

आणि खरंच लावला नाही हो हात. मी एकदा फुटपाथच्या कडेला असं चाक घासलं की आतून दात शिवशिवले. बाई मांडीवर हात ठेवून शांत. "काय झालं ते तुम्हीच सांगा," म्हणे. गाडी बंद पडली, मागून सगळे हॉर्नवर हॉर्न, माझ्या तोंडचं पाणी पळालं, ही म्हणते, "वाजवू द्या, त्यांना तेवढंच येतं. घाबरायचं नाही. मी इथे आहे. क्लच दाबा, श्वास घ्या, परत सुरू." आणि फारच घाबरलात तर काय करायचं? गाडी बाजूला घ्यायची, उभी करायची, उतरून हवा खायची. "त्यात कमीपणा नाही काकू. तसंच रेटत राहतात ना, ते ठोकतात."

मग एक दिवस मोठ्या चौकातून गाडी काढून पुलावर चढवली आणि ती म्हणाली, "काकू, माझ्या पायांकडे बघा. नाही, आत्ता नको, सिग्नलला बघा." सिग्नलला बघितलं तर बाई बूट काढून सीटवर मांडी घालून बसलेली! "कधीपासून?" मी ओरडले. "पेट्रोल पंप गेला तेव्हापासून." मला रडू फुटलं. त्या दिवसापासून आम्ही दोघी एकमेकींच्या झालो, एवढंच सांगते.

पुढे तिला दिवस गेले. पोट डॅशबोर्डला लागायला लागेपर्यंत शिकवत होती. बाळंत झाली, मुलगा झाला, आणि मी टोपडं विणून घेऊन भेटायला गेले. बॅटरीच्या दुकानावर दोन खोल्या, बाहेरून लोखंडी जिना, अरुंद आणि उभा. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. गरीब माणूस, कुणी जरा आवाज चढवला की स्वतःचाच चष्मा पुसत बसतो. सासूबाई मदतीला आलेल्या. घर लख्ख, दुपटी घड्या घालून रचलेली, बाळ गुटगुटीत आणि आवाजाने असं खणखणीत की मी तिथल्या तिथे त्याचं नाव 'हॉर्न' ठेवलं. सगळं कसं छान. फक्त मास्तरीण नव्हती. म्हणजे होती, पलंगाच्या कडेला बसलेली होती, पण त्या डोळ्यांत कुणी राहत नव्हतं.

सासूबाईंनी बाळ तिच्या मांडीवर दिलं. तिने धरलं, काच धरावी तसं. ते किंचित कुरकुरलं, लगेच सासूबाई, "दे इकडे, तुला नाही जमत," करून उचलून मोकळ्या. बाई वाईट नव्हत्या. रात्रंदिवस राबून त्यांचे डोळे खोल गेले होते. पण मला तो जाड्या मास्तर आठवला आणि माझ्या कपाळाची शीर उडायला लागली.

आणि मी खाली पाहिलं. बाळ मांडीवर असताना मास्तरणीचा उजवा पाय फरशी दाबत होता. घट्ट. पोटरीची शीर वर आलेली. सासूबाईंनी बाळ उचलल्यावर पाय सैल. म्हटलं, "सासूबाई, हिला जरा वाऱ्यावर नेऊन आणते," आणि उत्तराची वाट न बघता चपला घालायला लावल्या.

गाडी मी चालवली. ती बाजूला. नदीकाठच्या रस्त्याला लागलो तशी ती समोर बघत म्हणाली, "काकू, मला त्याचं काहीच वाटत नाही."

मी वळून पाहिलं नाही. तिनेच शिकवलंय, नजर रस्त्यावर.

"सगळे म्हणतात, बघितलं की पान्हा फुटतो. मी बघते. कुणाचं तरी बाळ आहे असं वाटतं, आणि त्याची खरी आई येईपर्यंत मी सांभाळतेय. ती काही येत नाही." मग तिने काच खाली घेतली. "आणि मला दिसतं. जिन्यावर उभी राहिले की दिसतं, तो माझ्या हातातून सुटलाय. टबात पाणी घेतलं की दिसतं. मी पाय दाबते काकू. खाली ब्रेकच नाही."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही वाटलं, अगं बाई, हिच्या हातात पोर द्यायचं की नाही? पण मी काय केलं, इंडिकेटर दिला, गाडी बाजूला घेतली आणि उभी केली. म्हटलं, "हे कुणाला सांगितलंस?"

"सांगितलं तर नेतील ना त्याला." आणि हसली, ते हसू बघवत नव्हतं. "तशीही नेणारच आहेत. मोठ्या ताई येताहेत."

मोठ्या ताई म्हणजे तिची नणंद. दूरच्या गावी मोठं घर, स्वतःच्या मुली मोठ्या झालेल्या. सासूबाईंनी फोनवर सगळं सांगितलेलं, आणि ठरवून टाकलेलं की चार-सहा महिने बाळ ताईंकडे राहील, 'ही माणसात आली' की परत आणू. नवऱ्याने चष्मा पुसला होता. हिला कुणी विचारलं नव्हतं.

"तुला काय हवंय?" मी विचारलं. "नेलं तर सुटल्यासारखं वाटेल?"

ती सीटबेल्टची कड बोटाने सोलत राहिली. मग म्हणाली, "सुटल्यासारखं वाटेल. म्हणूनच नाही नेऊ द्यायचं."

त्या वाक्यात मला माझी मास्तरीण परत दिसली. पुरती नाही, बुचडा तेवढा दिसला. पण दिसली.

दुसऱ्याच दिवशी मी तिला आणि तिच्या नवऱ्याला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. नवऱ्याने कुरकुर केली की लोक काय म्हणतील. म्हटलं, "लोकांचे चष्मे तुम्ही बनवता ना? मग त्यांना नीट दिसेल असं काहीतरी करा." डॉक्टरीणबाई चांगल्या निघाल्या. घड्याळाकडे न बघणाऱ्या. त्यांनी मास्तरणीला सरळ विचारलं, "जे दिसतं ते करावंसं वाटतं, की ते होईल म्हणून थरकाप होतो?" ती म्हणाली, "थरकाप होतो." "जीव द्यावासा वाटतो?" "नाही. निघून जावंसं वाटतं. माझ्याशिवाय त्याचं बरं चालेल असं वाटतं." नवऱ्याने तेव्हा पहिल्यांदा चष्मा पुसायचा सोडून बायकोचा हात धरला.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं. हा आजार आहे. बाळंतपणानंतर कितीतरी बायकांना होतो. सांगत कुणी नाही, म्हणून विरळा वाटतो. ही दुष्ट नाही, आळशी नाही, आणि बरी होणार. अंगावरचं पाजता येईल अशाच गोळ्या देते, पण गुण यायला काही आठवडे जातील. तोवर दर आठवड्याला मला भेटायचं, आणि हिला बाळाबरोबर एकटी ठेवायची नाही. कानात आवाज यायला लागले, झोप पारच उडाली किंवा दिसतं ते करावंसं वाटायला लागलं, तर वेळ न बघता मला फोन करायचा.

"म्हणजे बाळ न्यायलाच हवं ना?" नवऱ्याने विचारलं.

"एकटी ठेवू नका म्हटलं मी. वेगळी करा म्हटलं नाही. बाळ हिच्या आसपासच असू दे. कुणीतरी शेजारी बसायला हवं."

शेजारी बसायला. मी आणि मास्तरीण एकमेकींकडे बघायलाच लागलो.

घरी गेल्यावर तिने सासूबाईंना समोर बसवलं. "आई, तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत. आता एक करा, थोडं कमी करा. त्याला आंघोळ मी घालीन, दूध मी पाजीन, लंगोट मी बदलीन. दुपारी काकू शेजारी बसतील, इतर वेळी तुम्ही किंवा हे. तो पडणार असेल तर झेला. पण नुसता रडतोय म्हणून माझ्या हातातून घ्यायचा नाही."

"गोळ्या खाणारी बाई पोर सांभाळणार?" सासूबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "तुम्ही बीपीची गोळी खाऊनच सांभाळताय की."

सासूबाईंना ते झोंबलं. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण न्हाणीघराच्या दारात माझ्यासाठी खुर्ची त्यांनीच आणून ठेवली, हेही सांगायला हवं.

मग सुरू झाली आमची शिकवणी. मी खुर्चीवर, हात मांडीवर. ती आत पाटावर, पायांवर बाळ, बाजूला पाण्याचा टब. आणि काय सांगू, ब्रेकवर पाय ठेवून बसणं म्हणजे काय असतं हे मला त्या खुर्चीत कळलं. बाळाची मान जरा कलली की माझे हात आपोआप उठायचे. ती वर न बघता म्हणायची, "काकू, हात." मी हात परत खाली. साबण डोळ्यात गेला, हॉर्नने बिल्डिंग डोक्यावर घेतली, तिचं तोंड पांढरं फटक. "मला दिसतंय काकू, परत दिसतंय." मी म्हणायचे, "दिसू दे. तो तुझ्या हातात आहे. मी इथे आहे. पाणी घाल."

एक गोष्ट मात्र जमत नव्हती. तिला त्याच्याशी बोलता येत नव्हतं. सासूबाई कशा, 'सोनुल्या, माझा राजा तो, गुलामा' असं अखंड चालू. मास्तरीण तसं बोलायला जायची आणि मधेच थांबायची. "चोरीचे कपडे घातल्यासारखं वाटतं," म्हणाली. म्हणून गप्पच. घरात बाळाची आंघोळ, आणि आवाज फक्त तांब्याचा.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अगं मग नको बोलूस त्यांच्यासारखं. माझ्याशी बोलायचीस तसं बोल. नवा विद्यार्थी आलाय समज. माझ्यापेक्षा बरा आहे, केस तरी काळे आहेत."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता चिडते. मग बाळाला उताणं केलं, डोक्याखाली तळवा दिला, आणि तिच्या त्या शिकवायच्या आवाजात, सपाट आणि शांत, म्हणाली, "अहो, घाबरायचं नाही. मी इथे आहे. आता पाणी येणार आहे, उजव्या बाजूने. मान सैल सोडा. माझा हात आहे खाली."

आणि तो गप्प झाला. चमत्कार वगैरे नाही, मला चमत्कारांचा कंटाळा आहे. त्याने आवाज ओळखला एवढंच. नऊ महिने पोटात बसून तो हाच आवाज ऐकत होता ना! शेकडो लोकांना क्लच सोडायला शिकवलेलं ऐकलं होतं त्याने. डोळे मोठे करून तिच्याकडे बघायला लागला. तिने पाणी घातलं. "शाब्बास. आता डावीकडून." माझी नजर खाली गेली, फरशीवरचा तिचा पाय सैल होता.

तर असं बरं चाललेलं असताना मोठ्या ताई आल्या. उंच, इस्त्रीची साडी, हातात बाळाच्या सामानासाठी आणलेली नवी कोरी पिशवी. परतीच्या गाडीचं आरक्षण करूनच आलेल्या. त्या कुणाला टाकून बोलल्या नाहीत, तसल्या नव्हत्याच त्या. "मी आठवडाभर राहते, बघते, आणि मग काय ते ठरवू," म्हणाल्या. पण पिशवी पलंगाशेजारी उभी करून ठेवली. मास्तरीण येता-जाता त्या पिशवीकडे बघायची.

आणि नेमकं आठवड्याच्या शेवटी बिनसलं. आजार असाच असतो, चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी तोंडघशी पाडतो. मी वर चढत होते तर मास्तरीण जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेली, कठडा धरून. आतून हॉर्न चालू. म्हणाली, "काकू, आज फार दिसायला लागलं. त्याला पाळण्यात ठेवला, आईंना सांगितलं, आणि बाहेर आले." बोलणं सरळ होतं.

"शहाणी माझी बाई," मी म्हटलं.

तेवढ्यात मोठ्या ताई दारात. कडेवर रडणारं बाळ, दुसऱ्या हातात ती पिशवी, भरलेली. "पुरे झालं," त्या म्हणाल्या. "पोर रडून लाल झालंय आणि ही जिन्यात हवा खातेय. मी संध्याकाळच्या गाडीने याला घेऊन जाते. हिच्या भल्यासाठीच सांगतेय." सासूबाई मागे उभ्या, पदर तोंडाला. नवरा जिन्याखाली, नुकताच कामावरून आलेला, वर बघतोय.

मी तोंड उघडणार होते. खूप काही तयार होतं माझ्याकडे. पण मास्तरीण उठली आणि तिने हात मागे करून मला थांबवलं.

"ताई, मी पळाले नाही. मी गाडी बाजूला घेतली," ती म्हणाली. "जमेना म्हणून त्याला सुरक्षित ठेवला, सांगून बाहेर आले, आणि आता परत जाणारच होते. मी बारा गावच्या लोकांना हेच शिकवलंय. मला आज पहिल्यांदा जमलं आणि तुम्ही म्हणता पुरे झालं?"

"अगं, पण तुला त्याची माया आहे का?" ताईंनी विचारलं, आणि खरंच कळवळून विचारलं. "मला तर दिसत नाही."

सासूबाईंनी डोळे मिटले. खाली नवऱ्याने कठडा धरला. मास्तरीण म्हणाली, "अजून नाही आली. खोटं नाही सांगत. येतेय असं कधी कधी वाटतं, मग परत जाते. पण ती येईल तेव्हा तो इथे असायला हवा. तो तुमच्याकडे आणि मी इथे, तर ती येऊन कुणाला शोधेल? ताई, मी माया आल्यावर आई होणार नाहीये. मी आहेच. द्या त्याला."

ताई हलल्या नाहीत. मास्तरणीने दोन्ही हात पुढे केले आणि तसेच ठेवले. खेचलं नाही. शेवटी ताईंनी बाळ दिलं.

आणि मग या बाईने काय करावं? जिन्याकडे तोंड केलं. दवाखान्यातून आल्यापासून ज्या जिन्यावरून ती बाळाला घेऊन एकदाही उतरली नव्हती, तो जिना. म्हणाली, "आज मी याला खाली नेणार. ताई, तुम्ही माझ्या एक पायरी पुढे चला. काकू मागे. तोल गेलाच तर धरा. त्याआधी कुणीही हात लावायचा नाही."

"आजच कशाला?" मी कुजबुजले.

"आजच भीती सगळ्यात जास्त आहे म्हणून, काकू. आज टाळलं तर उद्यापासून जिन्याच्या भीतीत त्या पिशवीचीही भीती मिसळेल."

उतरलो. ताई पुढे, उलट्या, तिच्याकडे तोंड करून एकेक पायरी खाली, इस्त्रीची साडी गंजक्या कठड्याला घासतेय. मधे मास्तरीण. मागे मी, दोन्ही हातांनी कठडा इतका आवळलेला की बोटं दुखली. नाहीतर हात गेलेच असते. हॉर्न बेंबीच्या देठापासून ओरडत होता. आणि ती त्याच आवाजात, "अहो, आता वळण आहे. घाबरायचं नाही. मलाही दिसतंय, दिसू दे. पाय माझा पायरीवर आहे. पुढची पायरी. शाब्बास." हे ती त्याला सांगत होती की स्वतःला, मला माहीत नाही. मधे एका पायरीवर थांबली. डोळे मिटले. श्वास घेतला, परत सुरू.

खाली बॅटरीवाला काम थांबवून बघत उभा. तिने शेवटची पायरी सोडली, रस्त्यावर पाय ठेवला आणि बाळाला खांद्यावर घेतलं. तो रडायचा काही थांबला नाही. नवरा म्हणाला, "किती रडतोय गं!" ती घामाने निथळत होती, बुचडा सुटलेला, आणि म्हणाली, "रडू दे. गाडी चालू आहे म्हणून तर हॉर्न वाजतोय."

मोठ्या ताई शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी डोळे पुसले आणि संध्याकाळी एकट्याच गाडीत बसल्या. निघताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी आले तर घेऊ देशील ना मला त्याला?"

"विचारून," मास्तरीण म्हणाली.

ताई हसल्या. पिशवी ठेवून गेल्या. सासूबाई त्यात आता कांदे ठेवतात.

पुढे सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. वाईट दिवस आले, गोळी एकदा बदलावी लागली, एकदा तर डॉक्टरीणबाईंना भल्या पहाटे उठवलं. माया कधी आली, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, कामावर परत गेल्यावर. एका विद्यार्थ्याने सिग्नलला गाडी बंद पाडली, समोरून कुणीतरी बाळ घेऊन रस्ता ओलांडत होतं, आणि तिच्या मनात आलं, माझा यापेक्षा जाड आहे. "माझा, असं आलं काकू. मी तीनदा म्हणून बघितलं." विद्यार्थी बिचारा तोपर्यंत तिसऱ्या गिअरमध्ये गाडी सुरू करायला बघत होता.

शिकवणीवालीला लिफ्टमध्ये मी इथवर सांगितलं. ती म्हणाली, "बाई गं, मला हे काही माहीत नव्हतं." म्हटलं, "आता झालं ना माहीत? मग परत बोलू नका," आणि बटण सोडलं. एक मात्र तिला सांगायचं राहून गेलं.

परवा मी नेहमीसारखी न्हाणीघराच्या दारातल्या खुर्चीत बसले होते. आत पाण्याचा धिंगाणा. हॉर्न आता बसायला लागलाय, टबात दोन्ही हात आपटतो, आई भिजून चिंब. "अहो, हळू. अहो, ब्रेक. अहो गाढवा!" हे 'अहो गाढवा' तिचं स्वतःचं, कुणाकडून घेतलेलं नाही. मी आपली शेजारच्या खिडकीतून दिसणाऱ्या पत्र्यावरच्या मांजराकडे बघत होते. किती वेळ, कोण जाणे.

"काकू," ती आतून म्हणाली, "तुमचे पाय कुठे आहेत?"

मी खाली पाहिलं. चपला फरशीवर पडलेल्या. मी खुर्चीवर मांडी घालून बसले होते, हात पदराखाली. कधी वर घेतले पाय, मलाच आठवेना. पदर डोळ्यांना लावून मी म्हटलं, "अगं, मी..."

"रडू नका, मला वेळ नाही," ती म्हणाली. ओलं गुबगुबीत पोरगं पंच्यात गुंडाळून दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं, आणि ते तिच्या कानाला लोंबकळत होतं. "ती खुर्ची उचला आता तिथून. मला दारातून बाहेर यायचंय."

मी उठले आणि खुर्ची उचलली.